वायच तासलेली कड

हाताने केलेल्या साबणाची तारेने नुकतीच कापलेली वडी ताटात मांडली की खोबऱ्याच्या वडीची बहीण वाटते. तीच चौकोनी ऐट, तशाच धारदार कडा. फरक एवढाच, की खोबऱ्याची वडी कडा बोथट व्हायच्या आत संपते आणि साबणाच्या वडीला पुढचे चार ते सहा आठवडे फळीवर सुकत बसायचं असतं. तेवढ्या काळात आपल्याच कडांनी तिचं नुकसान होतं.

वडीचा मधला भाग अजून ओलसर, लवचिक असतो. कड मात्र दोन बाजूंनी हवेला उघडी आणि कोपरा तीन बाजूंनी. पाणी तिथून आधी उडून जातं. म्हणून कड आधी कडक होते, मग ठिसूळ होते, आणि पिशवीत दोन वड्या एकमेकींवर घासल्या की टवका जातो. पांढरी सोड्याची राखही (सुकताना साबणावर जमणारी पूड) कडांवरच आधी बसते. तार बाहेर पडते त्या बाजूला एक पातळ पापुद्रा उचललेला राहतो, तो सुकला की नखासारखा टोचतो. अंघोळीत पहिला हात लागतो तो याच कडेला. वडीला सहा बाजू असतात. रंगांची नक्षी, वरचा मोहोर (साबण ओतल्यावर वर उठवलेले उंचवटे), शिक्का, सगळं कौतुक त्या सहा बाजूंचं. बारा कडांना कोणी विचारत नाही.

उपाय एकच, कड तासून मोडायची. पण किती? मालवणीत नेमका शब्द आहे: वायच, म्हणजे जराशी. मापात सांगायचं तर पंचेचाळीस अंशांत तासलेली, दोन ते तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी. याहून कमी काढली तर टोचणं थांबत नाही, आणि पाचच्या पुढे गेलात तर वडी पैलू पाडलेल्या काचेसारखी दिसायला लागते. तसं दिसणं काहींना आवडतं. आम्हाला ते साबणाच्या अंगावर जरीच्या काठाचं टॉवेल घातल्यासारखं वाटतं.

शिवाय वजनाचा हिशोब आहेच. साडेसात बाय साडेपाच बाय अडीच सेंटिमीटरची वडी घ्या; साधारण शंभर ग्रॅमची. तिच्या बारा कडांची लांबी मिळून बासष्ट सेंटिमीटर भरते. तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी सगळीकडून काढली तर जेमतेम दीड ग्रॅम साबण जातो. हात सैल सुटला आणि पट्टी सात मिलिमीटर झाली, तर त्याच वडीतून सात-आठ ग्रॅम. रुंदी दुपटीहून थोडीच वाढली, पण घट पाचपट झाली, कारण कापलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाने वाढतं. विकायच्या वडीच्या वेष्टनावर निव्वळ वजन छापावं लागतं (आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम तसं सांगतात), म्हणून वजन तासल्यानंतर आणि पूर्ण सुकल्यानंतरच करायचं. ओल्या वडीचं वजन छापणं म्हणजे पाणी विकणं.

आता हत्यार. बाजारात आणि घरात मिळून पाच-सहा प्रकार सापडतील, पण खरा प्रश्न एकच आहे: पातं हलवायचं की वडी? कोकणातल्या स्वयंपाकघराने या प्रश्नाचं उत्तर केव्हाच दिलेलं आहे. विळी, म्हणजे आपला आडाळो, पायाखाली घट्ट बसलेला असतो आणि भाजी, मासा, नारळ दोन्ही हातांनी त्याच्याकडे जातात. पातं जागचं हलत नाही. सुरी आणि सोलाणं मात्र उलट्या वृत्तीची: वस्तू एका हातात गप्प, दुसऱ्या हातातलं पातं फिरतं.

सोलाण्यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. बटाट्याचं, शंभर रुपयांच्या आत मिळणारं, इंग्रजी वाय अक्षरासारखं, हलत्या पात्याचं. सरळ दांड्याच्या सोलाण्यापेक्षा हे बरं, कारण मनगट न वळवता आपल्याकडे ओढता येतं. घेताना दोन गोष्टी बघा. पातं दातेरी नको. टोमॅटोसाठी ते छान, पण साबणावर नांगरल्यासारख्या रेघा उठतात. आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा नको, कारण ताज्या साबणातल्या अल्कलीशी ॲल्युमिनियमचं पटत नाही. तो काळवंडतो आणि ती काळी रेघ नेमकी पांढऱ्या वडीवर उमटते. सोलाण्याचा मूळ दोष मात्र पैसे देऊन जात नाही. त्याचं हलतं पातं सांगेल तिकडे झुकतं, म्हणजे कोन हाताच्या भरवशावर. दहा वड्यांपर्यंत हात शिस्तीत असतो. चाळिसाव्या वडीला तो स्वतःच्या मर्जीने चालतो, आणि मग एकाच साच्यातल्या वड्या वेगवेगळ्या आयांच्या वाटतात. सुरीबद्दल तर बोलायलाच नको. ती खोल शिरते.

सुताराचा छोटा रंधा हे मधलं पाऊल. तो वडीवर फिरवायचा नाही. शिकंज्यात उलटा पकडायचा, पात्याचं तोंड वर, आणि वडी त्याच्यावरून सरकवायची. झालाच की रंध्याचा आडाळो! पातं कागदाच्या जाडीइतकंच वर ठेवायचं आणि दोन-तीन फेऱ्यांत कड घ्यायची. एकाच फेरीत सगळं काढायला गेलं की पात्यापुढे साबण दबतो, कड सोलली जाण्याऐवजी फाटते. वडी पात्याला काटकोनात न नेता थोडी तिरकी नेली तर जोर कमी लागतो. विळीचं वळणदार पातं नारळाच्या कातळ्या सहज कापतं तेही याच कारणाने.

रंध्याला नसते ती कोनाची खात्री. ती देते तासणीची पेटी. लाकडाच्या ठोकळ्यात काटकोनी खाच, खाचेच्या तळाशी आडवं पातं, आणि पात्याखाली किस पडायला वाट. वडीची कड खाचेत बसवून पुढे ढकलायची. खाचेच्या दोन्ही भिंती वडीला धरून ठेवतात, त्यामुळे पंचेचाळीस अंश आपोआप येतात. पट्टी किती रुंद येणार हे पातं खाचेच्या टोकापासून किती उंच आहे त्यावर ठरतं, आणि हे गणित सुंदर आहे: रुंदी नेहमी त्या उंचीच्या दुप्पट. पातं दीड मिलिमीटर वर असलं की पट्टी तीन मिलिमीटर. त्यामुळे पेटी करून घेताना सुताराला 'थोडंसं वर' म्हणून सांगू नका. आकडा सांगा, आणि खाच गुण्याला, म्हणजे सुताराच्या काटकोनी मापाला, लावून तपासा. काटकोन जरा उघडा राहिला तर वडी आत डुलते आणि पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला बारीक होत जाते.

लाकूड कोणतं हा प्रश्न घाटावर क्षुल्लक असेल, इथे नाही. जून ते सप्टेंबर कोकणातली हवा इतकी ओली असते की दारं चौकटीत अडकतात, मग एवढीशी खाच कशी सुटेल? आंब्याचं लाकूड स्वस्त, पण ते फुगतं आणि त्याला कीडही लवकर लागते. फणसाचं देखणं, टिकाऊ, पण त्याच्या गाभ्यात पिवळा रंग असतो. कापड रंगवायला तो वापरला जातो. ओलसर, अल्कलीयुक्त पांढरी वडी त्यावर घासायची जोखीम कशाला घ्या? सागवान चांगलंच. आमची पसंती शिवणीला. वजनाला हलकी, कामाला मऊ, आणि एकदा नीट सुकली की हवामानाप्रमाणे फारशी वाकतफुगत नाही. खाचेला वॉर्निश नको, ते साबणाला चिकटतं. आधीचा किस पुसून कोरडी ठेवली की पुरे.

पातं स्टेनलेस स्टीलचंच. साध्या पोलादाला धार जास्त छान लागते हे खरं, पण खारा वारा एका रात्रीत त्याच्यावर तांबूस पूड उठवतो. प्रश्न फक्त डागाचा नाही. लोखंडाचे आणि तांब्याचे सूक्ष्म अंश साबणात उरलेल्या तेलाला खवट करायला मदत करतात. पुढे वडीवर नारिंगी ठिपके पडतात आणि जुन्या तेलाचा वास येतो. आणि तासलेली कड म्हणजे वडीची सगळ्यात ताजी, उघडी जखम. गंज नेमका तिथेच लागतो. पेटीतले पितळी स्क्रू वडीला लागत असतील तर तेही बदला. काम झालं की पातं आधी कोरड्या फडक्याने पुसायचं, मग ओल्या, मग पुन्हा कोरड्या, आणि शेवटी खोबरेल तेलाचं एक बोट.

हत्यार कितीही चांगलं असलं तरी वेळ चुकली की ते निरुपयोगी. खूप लवकर हात घातला तर साबण पात्याला लोण्यासारखा चिकटतो. खूप उशीर झाला तर किस पडतच नाही, पीठ पडतं आणि कडेला उंदराने कुरतडल्यासारखे खळगे राहतात. मधली वेळ ओळखायची खूण सोपी: वडीच्या तळाच्या कडेवर एक ओढ घ्या. किस न तुटता पाच-सहा सेंटिमीटर लांब, गुंडाळी होत निघाला तर बसा कामाला.

ही वेळ ठरवतात तेलं. नुसत्या खोबरेलाचा साबण त्याच दिवशी काही तासांत कापावा लागतो; त्याची तासायची वेळही त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यानंतर तो काचेसारखा तडकतो. एवढ्या आडमुठ्या साबणाचं कौतुकही सांगायला हवं: खाऱ्या पाण्यात फेस काढणारा तोच. मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, कोकणातल्या थंडीत भेगांवर लावायला घरोघर असतं. साबणात ते दहा-बारा टक्क्यांवर गेलं की वडी घट्ट होते, पण कड चॉकलेटसारखी तुकड्याने मोडते, म्हणून अशा वड्या कापल्यापासून चोवीस ते छत्तीस तासांत उरकाव्यात. शेंगदाणा, तांदळाच्या कोंड्याचं तेल, एरंडेल यांचं प्रमाण मोठं असेल तर तीन ते पाच दिवस थांबावं लागतं. उशीर झालेल्या वडीला घटकाभर उबेला ठेवलं तर ती जराशी नरमते. कडक उन्हात नको, रंग उडतो.

पावसाळ्यात हे सगळे दिवस दीडपट-दुप्पट लांबतात. त्यात साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि वडीला घाम फुटतो. घामेजलेली वडी तासू नये: पातं घसरतं, किस पात्याखाली साचून पुढच्या ओढीत परत वडीवर दाबला जातो. तो घाम पुसूही नये, पुसल्याने पृष्ठभाग फासला जातो. पंख्याखाली, रोवळीत कागद घालून ठेवा. कागद विसरलात तर बांबूची वीण वडीवर कायमची छापली जाईल.

कडांचा क्रमही आहे. आधी आखूड कडा, मग लांब. पातं कड सोडून बाहेर पडताना कोपऱ्याचा बारीक टवका घेऊन जातं. लांब कड नंतर तासली तर तो टवका त्यातच साफ होतो. फार नाजूक वडी असेल तर कोपऱ्याकडून मध्यापर्यंतच यायचं, वडी फिरवायची, दुसऱ्या कोपऱ्याकडून पुन्हा मध्यापर्यंत. वरच्या बाजूला मोहोर उठवलेला असेल तर त्या चार कडा सोडून द्या. तिथे पेटी चालत नाही आणि मोहोराला शिस्त शोभतही नाही. हातात मोजे हवेत, ताज्या साबणाची अल्कली त्वचेला सोसत नाही. बोटांचे ठसे उमटत नाहीत हा वरचा फायदा.

एका साबणापुढे मात्र पातं आणि वडी दोघांनीही हात जोडायचे. मिठाचा साबण. शिरोड्याची मिठागरं १९३० च्या सत्याग्रहाने देशाला ठाऊक झाली. तसलं आगरातलं जाडं मीठ खोबरेलाच्या साबणात तेलाच्या निम्म्या वजनाइतकं घालून पाहा: तासादोन तासांत वडी दगड होते. पातं मिठाच्या खड्याला अडतं, खडा निखळतो, मागे खळगा राहतो, आणि पात्याच्या धारेलाही खाच पडते. मीठ बारीक दळून घेतलं तर थोडं सुसह्य होतं. तरी असा साबण सुट्या साच्यांतच ओतावा आणि कडा ओल्या मऊ फडक्याने बोटाने चोळून गोल कराव्यात. पैलू येत नाही, पण टोचणं थांबतं.

राहिला किस. शंभर वड्यांमागे दीडशे ग्रॅम तरी जमतो. नव्या घाण्यात घातला तर पांढऱ्या वडीत रंगीत ठिपके छान दिसतात. नाहीतर तो मऊ आहे तोवरच मुठीत घट्ट दाबून लाडू वळावा आणि मोठ्या वड्यांबरोबर सुकायला ठेवावा. महिन्याभराने मोरीत हात धुवायला तो उत्तम चालतो, आणि लाडवाला कडा नसल्यामुळे तासायचंही काम राहत नाही.