39 मतांची सीट आणि एक गुलाबी कागद

मी इंग्लंडमधल्या पीटरबरोला राहतो आणि निवडणुकीला पोल क्लार्क म्हणून काम करतो, म्हणजे आपल्याकडे मास्तर लोकांना लागते तसलीच ड्युटी, फक्त इथे आपणहून अर्ज करायचा आणि पैसे घ्यायचे. 4 जुलै 2024 ला मला नॉर्थ वेस्ट केंब्रिजशायरमधल्या एका खेड्यातला हॉल मिळाला होता. या मतदारसंघात एकीकडे पीटरबरोचे ऑर्टन, हॅम्प्टन हे शहरी भाग येतात, आणि दुसरीकडे यॅक्सली, सॉट्री आणि फेन्सची, म्हणजे पाणी काढून शेतीला आणलेल्या सखल दलदलीची काळीभोर जमीन, बटाटा, बीट, गहू. 2005 पासून खासदार कॉन्झर्व्हेटिव्हचे शैलेश वारा, 2019 ला 25,983 चं लीड, त्यामुळे स्टाफमध्ये सगळे धरूनच चालले होते की इथे काय बघायचंय.

सकाळी 7 ते रात्री 10 आमचं काम एकच, फोटो आयडी बघा, यादीत नावावर रेघ मारा, मतपत्रिकेच्या नंबरासमोर मतदाराचा नंबर लिहा, मतपत्रिका द्या. नावापुढे 'ए' असेल तर थांबायचं, कारण 'ए' म्हणजे याने पोस्टल मत घेतलंय.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एक गृहस्थ शेतातून थेट आला, बुटांना चिखल, हातात लायसन्स. नावापुढे 'ए'. म्हणाला, पोस्टलचं पाकीट आलंच नाही, रोज वाट बघतोय. आमच्या प्रिसायडिंग ऑफिसर बाई लगेच, "पोस्टल आहे, नाही देता येणार." वर्षानुवर्षं हे काम केलेल्यांचं हेच होतं, सगळं पाठ आहे म्हणून हँडबुक उघडायचंच नाही. मी उघडून पान समोर ठेवलं. नियम असा की पाकीट आलं नसेल तर संध्याकाळी 5 पर्यंत स्वतः कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन दुसरं घ्यायचं, आणि 5 नंतर केंद्रावर आलात तर टेंडर्ड मतपत्रिका मिळते, म्हणजे आपल्याकडे ज्याला प्रदत्त मत म्हणतात ते. ती गुलाबी असते. आधी ठरलेले प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे, मग कागद द्यायचा, त्यावर मतदाराचं नाव आणि नंबर लिहायचा, आणि तो पेटीत नाही टाकायचा, बाईंच्या हातात द्यायचा, त्या वेगळ्या पाकिटात घालून सील करणार.

त्याने सरळ विचारलं, "हे मोजणार का?" बाई गप्प. मी सांगितलं, नाही, आज रात्री नाही, निकाल कोर्टात गेला तरच कोणी बघेल. मला वाटलं वैतागून निघून जाईल. नाही गेला. बूथमध्ये जाऊन नीट फुली मारली, घडी घातली, बाईंच्या हातात दिली, थँक यू म्हणाला आणि गेला.

निकाल लागला: लेबरचे सॅम कार्लिंग, वय 22, मतं 14,785. वारा 14,746. फरक 39. रिफॉर्म पार्टी तिसरी, तीही कॉन्झर्व्हेटिव्हसारखीच उजवीकडची, म्हणजे उजवीकडची मतं फुटली हे उघडच आहे.

त्याने कोणाला मत दिलं मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पण एवढ्या फरकाच्या सीटवर एका हक्काच्या मतदाराचं मत कोणी न मोजता पाकिटात राहतं हे मला अजिबात पटत नाही. दोनदा मत पडेल ही भीती मान्य आहे. पण परत आलेलं प्रत्येक पोस्टल पाकीट ऑफिसात नोंदलं जातं ना, मग त्या नोंदीवरून ताळा करा, पहिलं पोहोचलंच नसेल तर गुलाबी उघडा, दोन-चार दिवस लागले तर लागले. बरोबर महिनाभर आधी मुंबई उत्तर-पश्चिमला रवींद्र वायकर 48 मतांनी आले, ते प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथेही या प्रदत्त मतांचाच मुद्दा निघाला. पीटरबरोत तर 1966 ला सात वेळा फेरमोजणी होऊन हार्मर निकोल्स 3 मतांनी जिंकले होते. म्हणजे एका मताने काय होतं हे इथल्या लोकांना मी सांगायची गरजच नाही.

पुढच्या वेळी ही सीट कुठेही जाऊ शकते. मे 2025 ला इथल्या मेयरपदावर कॉन्झर्व्हेटिव्ह पॉल ब्रिस्टो आले, रिफॉर्म आहेच, आणि लेबरला 39 चा काय आधार. हॅम्प्टनमध्ये आपली बरीच मंडळी राहतात आणि भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं हे अर्ध्यांना माहीत नसतं. तर नाव नोंदवा, आणि पोस्टल घेतलं असेल आणि पाकीट आलं नसेल तर संध्याकाळपर्यंत थांबू नका, आयडी घेऊन 5 च्या आत कौन्सिलचं ऑफिस गाठा.