तुम्ही विचारलंत म्हणून : शिनोळीचा रस्ता

घरच्या प्रार्थनेला गेलो की शेवटचं गीत संपतं, चहाचे कप फिरू लागतात आणि तेवढ्यात कुणाची तरी आई नाहीतर बायको हळूच बाजूला येते. प्रश्न ठरलेला असतो. "दादा, तुमचा आकड्याचा, लॉटरीचा नाद कसा सुटला? प्रभूनं एका रात्रीत सोडवलं काय?" परवा सुळग्याच्या एका माउलीनं विचारलं. तिचा मुलगा मोबाइलवर पैसे लावून रमी खेळतो. उभ्या उभ्या तिला जे सांगितलं ते घरी येईपर्यंत मलाच अपुरं वाटू लागलं. म्हणून आज नीट बसून लिहितोय.

एका रात्रीत सुटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण "एका रात्रीत" ऐकून गेलेल्या माणसाचा दुसऱ्या आठवड्यात पाय घसरला की त्याला वाटतं, देवानं दुसऱ्याचं ऐकलं, माझं नाही ऐकलं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर काम करतो. सत्तावीस वर्षं झाली. कामाला लागलो तेव्हा आमच्या गावात संध्याकाळी मटक्याचा ओपन काय आला, क्लोज काय आला, म्हणजे पहिला आणि दुसरा आकडा कोणता, ही चौकशी पावसाच्या चौकशीसारखी चालायची. आकडा लावणं कायद्यानं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि चिठ्ठी लिहून घेणारा कुठं बसतो हेही. मी आधी मटक्याच्या आणि मग लॉटरीच्या नादाला लागलो. ओपन आणि क्लोज मिळून होते ती जोडी, म्हणजे 00 ते 99, शंभरातली एक. लागली तर 10 रुपयांना 900. म्हणजे शंभरच्या शंभर जोड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर हजार घालून नऊशे हातात येणार. चौथीतल्या पोराला जमेल असं हे गणित. मी दिवसभर मायक्रोमीटर हातात धरणारा माणूस, शतांश मिलिमीटर जास्त गेला तर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, बाजूला टाकणारा. मला हे गणित येत नव्हतं असं कसं म्हणू? मी ते कधी मांडलंच नाही. ओढ लागली की माणूस आकडेमोड करत नाही, आणि करायला लागला की ओढच त्याला म्हणते, "आज राहू दे की, उद्या बघू."

2007 साली कर्नाटक सरकारनं लॉटरी बंद केली. त्या संध्याकाळी बायकोनं शिरा केला होता. तिला वाटलं, संपलं. मलाही तसंच वाटलं. पंधरा दिवस बरे गेले आणि मग मला शिनोळी दिसायला लागली. वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची, आणि बाची ओलांडली की महाराष्ट्र. तिकडं लॉटरी चालू. शिफ्ट सुटली की उद्यमबागेतून शहर ओलांडून मी गाडी तिकडं काढायचो. घरी सांगायचं, ओव्हरटाइम आहे.

आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सीमेवर राहणाऱ्याला सवयच असते की जे इथं मिळत नाही ते पलीकडं मिळतं. स्वस्त दारू हवी तर चोर्ला घाटातून गोवा, लॉटरी हवी तर शिनोळी. हवी ती गोष्ट कायम पुढच्या गावात. माझ्या मनाची घडणही तशीच झाली होती. इकडं मी कामगार, पलीकडं मी मालक. मध्ये फक्त एक तिकीट.

बायबलमध्ये प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हटलंय की "लोभ धरू नको" असं मोशेच्या नियमशास्त्रानं सांगितलं नसतं तर लोभ म्हणजे काय हे मला कळलं नसतं, आणि त्याच आज्ञेचा आधार घेऊन पापानं माझ्यात सगळ्या तऱ्हेचा लोभ उत्पन्न केला. हे वाचलं तेव्हा मला बाचीची वेस आठवली. सरकारनं दुकान बंद केलं ते योग्यच केलं. पण दुकान बाहेरचं होतं. आतलं उघडंच राहिलं.

मे 2009. आमच्या शॉपमध्ये बारा जणांची भिशी होती, महिन्याला हजार. वही आणि पैसे माझ्याकडं, कारण मी चर्चला जाणारा, दारू न पिणारा, विश्वासातला. त्या महिन्यात ज्याचा नंबर होता त्याला पावसाच्या आधी घरावर खानापूरची कौलं घालायची होती. बारा हजार. मी ते दोन दिवसांत परत ठेवायचे म्हणून उचलले आणि चार दिवसांत संपवले. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडायच्या आधी, मी बारा जणांना सांगितलं. कुणी हात उगारला नाही. कौलांवाल्यानं एवढंच विचारलं, "वैनींना माहीत आहे काय?" त्यानं उधारीवर कौलं आणली. मी सात महिने ओव्हरटाइम करून ते पैसे फेडले, या वेळी खरा ओव्हरटाइम.

त्या आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पौलाच्याच इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय काढला. पूर्वीच्या वागण्यातला जुना मनुष्य काढून टाका, नवा धारण करा, असं तिथं आहे. त्या जुन्या माणसाला पौल एक विशेषण लावतो : कपटाच्या वासनांनी भरलेला. पाळकसाहेब म्हणाले, "वासना शब्दावर अडकू नका. कपट शब्दावर थांबा. या वासनेनं तुम्हाला काय सांगितलं होतं, आणि काय दिलं?"

पुढं त्यांनी सांगितलेली गोष्ट मी आजही प्रत्येकाला सांगतो. पौल इथं वासनेला जो ग्रीक शब्द वापरतो, तोच शब्द लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू येशूच्या तोंडी आहे. दुःख भोगायच्या आधी तुमच्याबरोबर हे वल्हांडण सणाचं भोजन करावं अशी माझी उत्कट इच्छा होती, असं तो शिष्यांना सांगतो. मराठीत एकीकडं वासना, दुसरीकडं इच्छा. मूळ शब्द एकच. म्हणजे हवं वाटणं हे पाप नाही. प्रभूलाही हवं वाटलं होतं. त्याला मित्रांबरोबर जेवायचं होतं, आणि त्याच रात्री आपण धरले जाणार हे माहीत असताना जेवायचं होतं. त्याची इच्छा त्याला फसवत नव्हती.

मग मी माझ्या ओढीला विचारायला बसलो, तू मला काय सांगितलंस? खूप दिवस लागले उत्तराला. पैसा हे उत्तर नव्हतंच. ती म्हणायची, एकदा लागू दे, तू स्वतःची लेथ घेशील, पोरीला इंजिनीअर करशील, दिवाळीला बायकोच्या माहेरी मान खाली घालून बसावं लागणार नाही. यातलं एकही वाईट नाही. फसवणारी वासना घरातल्या चांगल्या माणसांची नावं घेऊन आत येते, म्हणून तिला कुणी अडवत नाही. मी पोरीच्या नावानं तिकीट घ्यायचो आणि तिच्या फीचा हप्ता चुकवायचो. दोन्ही मीच करत होतो, आणि मला त्यात विरोध दिसत नव्हता.

लेथवरचं एक सांगतो. चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या पकडीत, जॉब फिरत असतो तेव्हा डोळ्याला तो गोलच दिसतो. डायल गेज लावला की सुई हलते आणि कळतं, वाकडा फिरतोय. डोळ्यावर भरवसा ठेवून कट घेतला तर सगळा जॉब जातो. माझं मन मला नेहमी गोलच दिसायचं. वचन रोज वाचायला लागलो ते पाठ करण्यासाठी नाही, सुई लावण्यासाठी. आणि सुई हलली म्हणून कुणी जॉब फेकत नाही. चक सैल करायचा, हलका ठोका द्यायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा बघायचं. किती वेळा? जितक्या वेळा लागेल तितक्या.

आध्यात्मिक वाढ हा शब्द व्यासपीठावरून ऐकला की काहीतरी उंच वाटतं. माझ्या वाट्याला ती अशी ठोक्याठोक्यानं आली. दोनदा परत घसरलो, 2010 च्या गणपतीत आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात. दोन्ही वेळा त्याच दिवशी बायकोला सांगितलं. पहिल्यांदा दोन वर्षं लपवलं होतं, आता लपवणं एक दिवसही जमेना. वाढ झाली असेल तर ती इथं दिसली.

एकट्याला हे झालं नसतं. आपल्या बेळगावात 1820 मध्ये लंडन मिशनचे मिशनरी आले, पुढं 1904 मध्ये ते काम मेथॉडिस्ट पंथाकडं आलं, एवढं आपल्या मंडळीत बहुतेकांना माहीत असतं. त्या मेथॉडिस्ट चळवळीची एक जुनी रीत मात्र आपण विसरलोय. ती चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं 1738 मध्ये छोट्या गटांसाठी नियम लिहिले. दर आठवड्याला भेटायचं आणि एकमेकांना सरळ विचारायचं : मागच्या भेटीपासून जाणूनबुजून कोणतं पाप झालं, कोणता मोह समोर आला, त्यातून कसे सुटलात? पाळकसाहेबांनी आम्हा चौघांना तसं बसवलं. एक गवंडी, एक रिक्षावाला, एक निवृत्त मास्तर आणि मी. पहिले दोन महिने आम्ही पावसापाण्याचं बोललो. मग मास्तरांनी स्वतःचं सांगितलं. ते इथं लिहिणार नाही, पण त्या दिवसापासून मला त्या खोलीत खोटं बोलता आलं नाही.

ओढ येते तेव्हा काय करता, हेही विचारतात. उपवासकाळात, म्हणजे प्रभूचं दुःखसहन आठवायच्या, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, मी दुपारचं जेवण सोडू लागलो. भूक एक वाजता कडाडते आणि दोनला आपोआप खाली बसते, हे तेव्हा अंगाला कळलं. तिकिटाची ओढही तशीच होती. तिला वाटेल ते कबूल करण्याची गरज नव्हती, ती उतरेपर्यंत थांबण्याची होती. तेवढ्या वेळात मी गवंडीभाऊला फोन करायचो. तो वाळू-सिमेंटचं बोलायचा, मी ऐकायचो. प्रभूच्या प्रार्थनेत "मला" कुठंच नाही. "आम्हांला परीक्षेत आणू नको" असं आहे. ते "आम्हांला" मला त्या फोनवर समजलं.

आता जे सांगतो ते सांगायला सगळ्यात जड आहे. आकड्याचा नाद सुटला तेव्हा लोक मला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं मला कसं सोडवलं ते मंडळीपुढं सांगायला, बोलावू लागले. आज या गावी, उद्या त्या गावी. मी उभा राहिलो की बायका डोळे पुसायच्या. मला ते आवडू लागलं. एका रविवारी दुसऱ्या कुणाला साक्ष द्यायला सांगितलं आणि माझ्या पोटात तीच कळ उठली, शिनोळीला जायच्या आधी उठायची ती. तीच चव, तीच घाई. ओढ मेली नव्हती, तिनं रविवारचे कपडे घातले होते. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला कधीचं दिसत होतं." त्यानंतर दोन वर्षं मी कुठंच साक्ष दिली नाही. चर्चच्या मागच्या बाजूला चपला नीट लावायचं काम घेतलं. आजही कुणी विचारलं तरच बोलतो, आणि तुम्ही विचारलंत.

सुळग्याच्या माउली, आता तुमच्या मुलाचं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण 2007 चा शिरा मी खाल्लेला आहे. फोनमधलं एक दार बंद झालं की पोरगं दुसरं शोधतं, आणि त्याला गाडी काढून बाचीपर्यंतही जावं लागत नाही. त्याचं कर्ज गुपचूप फेडू नका. माझ्या आईनं एकदा माझं फेडलं होतं, त्यानं मला फक्त नवी उधारी मिळाली. मध्यरात्री त्याच्याशी भांडू नका. त्याची झोप उडाली असेल, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर प्रार्थना चालू ठेवा आणि त्याच दिवशी 14416 या टेलिमानसच्या, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा, धारवाडला डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या इस्पितळात घेऊन जा. डॉक्टरकडं नेलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. लूक, ज्याच्या शुभवर्तमानातून मला ती उत्कट इच्छा कळली, त्याला पौल प्रिय वैद्य म्हणतो.

आणि त्याला एकदा विचारा, काय मिळणार म्हणून खेळतोस? पैसे म्हणेल. तिथं थांबू नका, पण लगेच दुसरं विचारूही नका. चार दिवस जाऊ द्या.

मागच्या जूनमध्ये शॉपमधल्या पोरांनी नवी भिशी काढली आणि वही माझ्यासमोर ठेवली. त्यातल्या निम्म्यांना 2009 माहीत नाही. कौलांवाल्याला माहीत आहे, वही त्यानंच पुढं केली होती. मी सांगितलं, वही मी लिहितो, पैसे तुझ्याकडं राहू देत. त्यानं मान डोलावली आणि डबा उघडला.

आम्ही अजून रविवारी सकाळी सातला बसतो, उपासनेच्या आधी, चर्चच्या मागच्या खोलीत. मास्तर आता नाहीत, त्यांची खुर्ची रिकामी आहे. मुलाला पाठवा. त्यानं तोंड उघडलं नाही तरी चालेल, आम्हीही दोन महिने पावसापाण्याचंच बोललो होतो.