तुम्ही विचारलंत म्हणून: कुणाचं मत खरं धरायचं?

"एक जण म्हणतो डोळ्यांतलं पाणी खळेना, दुसरा म्हणतो मध्यंतराला उठून घरी आलो. आम्ही कुणाचं खरं धरायचं?" थोड्या पैशांत केलेला, ओळखीचा एकही चेहरा नसलेला, घरातल्या चार माणसांची गोष्ट सांगणारा सिनेमा आला की मला हे कुणीतरी विचारतंच. सोलापुरात आम्ही काही मंडळी मिळून एका शाळेच्या हॉलमध्ये असे सिनेमे दाखवतो आणि संपल्यावर थांबून त्यावर बोलतो. हे ठाऊक असलेले लोक नवी पेठेत भेटले तरी विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

जो प्रसंग सांगतो त्याचं ऐका. त्याला सिनेमा आवडला की नाही, ही पुढची गोष्ट. "अप्रतिम", "काळजाला भिडला", "टुकार", "पैसे वाया" यातून बोलणाऱ्याची मनःस्थिती कळते, सिनेमा कळत नाही. पण कुणी म्हणालं की, "सासरे ताटावरून उठले तरी सून मान वर करत नाही, तिथं मला कळलं या घरात काय चाललंय," तर त्या माणसानं सिनेमा बघितलाय. त्याच्या बोलण्यावरून तो आपल्याला झेपेल का, आवडेल का, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

मध्यंतरी दाखवलेल्या एका सिनेमाचं सांगते. नाव देत नाही, कारण मुद्दा त्या एका सिनेमाचा नाही. आई गेल्यावर मुंबईचा भाऊ गावी येतो. बहीण पन्नाशीची, लग्न झालेलं नाही, आईचं सगळं तिनंच केलेलं. घर विकायचं ठरलंय. त्यातला एक प्रसंग असा: दोघं स्वयंपाकघरात भांडी काढून बसलेत. आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात, कुणी दिलं, कशाबद्दल, कधी. भाऊ एकेक भांडं उचलतो, वाचतो आणि ढिगात ठेवतो. वास्तुशांतीचं, मुंजीचं, काकांच्या नोकरीचं. मग एक पातेलं हातात येतं. त्यावर 'चि. सौ. कां.' आणि पुढं बहिणीचं नाव. आईनं तिच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेलं, लग्न झालंच नाही. तो अर्धं वाचतो आणि गप्प होतो. बहीण त्याच्या हातातून पातेलं घेते, आतून पदरानं पुसते आणि त्याच्याच ढिगात ठेवते. कॅमेरा सगळा वेळ स्वयंपाकघराच्या दारात, हललेला नाही. संगीतही नाही.

सिनेमा संपल्यावर दारातच एक कॉलेजचा मुलगा मित्राला म्हणाला, "काय बे, नुसतं भांडी वाचत बसलेत." मी त्याला थांबवून विचारलं, नेमका कुठं कंटाळलास? त्यानं क्षणभर विचार केला. "भांड्याचं ठीक होतं ओ मॅडम. पण सुरुवातीला भाऊ स्टँडवरनं घरापर्यंत चालत येतो ना, ते किती वेळ! त्यात नवीन काहीच कळत नाही." त्याचं बरोबर होतं. त्या चालण्यात गाव दिसतं, पण माणसाबद्दल काही कळत नाही. दिग्दर्शकाला ते अर्ध्यात आणता आलं असतं.

आमच्याकडे विड्या वळणाऱ्या काही बायका नेमानं येतात. त्यांच्यातल्या एकीच्या घरची भाषा तेलुगू, मराठी बाहेरच्या व्यवहाराची. ती म्हणाली, "ती रडत नाही ते बरोबर हाय ताई. वाटणीच्या वेळी बहीण रडली की भाऊ म्हणतो, हिला जास्त पाहिजे." त्या प्रसंगावर आम्ही जाणती म्हणवणारी माणसं अर्धा तास बोललो होतो, पण हे आमच्यातल्या कुणालाच दिसलं नव्हतं. तिच्या त्या दोन वाक्यांनंतर मी तो प्रसंग परत लावून बघितला. पातेलं भावाच्या ढिगात ठेवण्यामागचा सगळा मान तेव्हा माझ्या लक्षात आला.

तिसरं मत भांड्यांचं दुकान असलेल्या काकांचं. ते वैतागले होते. "1978 सालचं भांडं दाखवतात आणि अक्षरं मशीननं कोरलेली! तेव्हा आमच्याकडे छिन्नीनं ठोकून नाव घालायचे, टिंबाटिंबाची अक्षरं यायची. जुनं भांडं मागितलं असतं तर मी दिलं असतं की." मला हे मत फार मोलाचं वाटतं. ही चूक पैशांअभावी झालेली नाही. जुनं पातेलं कुणाच्याही माळ्यावर सापडतं. ही चूक लक्षाची आहे, आणि ज्या सिनेमाचा मुख्य प्रसंगच भांड्यांवरच्या अक्षरांचा आहे, त्यानं ती करायला नको होती.

या तिघांपैकी एकाला कंटाळा आला, एकीला पटलं, एकाला राग आला. माझ्या लेखी तिघंही विश्वासाचे.

आता ज्या तक्रारी नेहमी ऐकू येतात त्यांच्याकडे येते. पहिली, "संथ आहे". पैसे कमी असले की शॉट लांब होतात, यामागं साधं गणित आहे. कॅमेऱ्याची जागा बदलली की दिवे नव्यानं लावावे लागतात, माणसं नव्यानं उभी करावी लागतात. त्यात वेळ जातो, आणि भाड्याच्या कॅमेऱ्याचा आणि युनिटच्या जेवणखाणाचा खर्च दिवसावर चालतो. म्हणून एका जागेवरून जमेल तेवढा प्रसंग उरकायचा. यात कसबी दिग्दर्शक आणि कच्चा दिग्दर्शक लगेच वेगळे दिसतात. कसबी माणूस त्या एका चौकटीत काहीतरी बदलत ठेवतो: कोण उठतं, कोण दाराशी थांबतं, कुणाचा हात कुठं जातो. कच्चा नुसता कॅमेरा चालू ठेवतो. म्हणून कुणी "संथ" म्हटलं की मी विचारते, त्या वेळात काही बदलत होतं का? उत्तर "हो, पण मला घाई होती" असं आलं तर तो दोष सिनेमाचा नाही. कडक भाकरी घेऊन ती मऊ नाही अशी तक्रार सोलापुरात कुणी करत नाही. उत्तर "नाही" आलं तर मात्र प्रेक्षकाचं ऐकायचं.

दुसरी तक्रार, "बोलणं कळत नाही". ही मी सगळ्यात गंभीर धरते. चित्र थोडं अंधारलेलं असलं, रंग जरा उडालेले असले तरी लोक चालवून घेतात. संवाद ऐकू आला नाही की माणूस सिनेमातून बाहेर पडतो, तो पुन्हा आत येत नाही. प्रत्यक्ष जागेवर आवाज रेकॉर्ड करायचा तर पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारची गिरणी थांबवायची. आपल्या पूर्व भागात कुणी घरात शूटिंग करायला घेतलं तर यंत्रमागांची खडखड थांबवणार कोण? मग डबिंग करावं लागतं, त्याला वेगळे पैसे. ते नसले की संवाद तसाच पुसट राहतो. हा दोष सिनेमाच्या पदरात टाकलाच पाहिजे. मात्र आधी एक गोष्ट तपासावी. थिएटरसाठी केलेल्या फाइव्ह पॉइंट वन मिश्रणात, म्हणजे पाच दिशांचे स्पीकर आणि एक खर्जाचा अशी आवाजाची वाटणी असते त्यात, संवाद बहुतेक मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तीच फाइल दोन स्पीकरवर नीट न जुळवता लावली तर संगीत मोठं आणि माणसं खोल विहिरीतून बोलल्यासारखी येतात. आमच्या हॉलमध्ये पत्र्यामुळं आवाज घुमतो, तेव्हा तिथल्या तक्रारी आम्ही सिनेमावर ढकलत नाही. फोनवर बघून "आवाज बेकार" म्हणणाऱ्यांनीही एकदा इअरफोन लावून बघावं.

तिसरी, "ओळखीचं कुणी नाही, अभिनय कच्चाच असणार". हे बघण्याआधीच ठरवलेलं मत असतं, आणि निदान आपल्या जिल्ह्यात ते कुणी बोलू नये. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त कॅमेऱ्यासमोर कधी उभा न राहिलेला सोमनाथ अवघडे घेतला, त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं 'सैराट'मधल्या अकलूजच्या रिंकू राजगुरूचीही राष्ट्रीय पुरस्कारात खास दखल घेतली गेली. नवखी माणसं कच्ची वाटतात ती बहुतेक वेळा संवाद पुस्तकी असतात म्हणून. जी भाषा तोंडात बसलेली नाही ती बोलायला लावली की चांगला नटही लाकडासारखा होतो.

ताऱ्यांबद्दलही विचारता, दहापैकी किती, पाचपैकी किती. छोट्या सिनेमाचे सुरुवातीचे तारे बहुधा घरचेच असतात. दिग्दर्शकाचे मित्र, नटांचे भाऊ-भावजया, ज्यांच्या वाड्यात शूटिंग झालं ते कुटुंब. त्यांचं प्रेम खरं असतं, त्याला मी नाव ठेवत नाही. पण दहापैकी दहा वाचून जो परका माणूस जातो तो काहीतरी अचाट बघायच्या तयारीनं बसतो. समोर येतं एक साधं, बरं, थोडं अडखळणारं काम. त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि रागानं तो एक तारा देतो. दहा आणि एक असे दोन ढीग होतात, मध्ये कुणी नाही. मी सहा-सात देणाऱ्यांचं वाचते. एवढे का दिले आणि एवढे का कापले, हे त्यांना सांगावंच लागतं, म्हणून प्रसंग त्यांच्याकडेच सापडतात.

याच्याच जोडीला दया येते. "कमी पैशांत केलंय, सांभाळून घ्या." मला हे मनापासून पटत नाही. गर्दी, पाऊस, लग्नाचा मांडव, रात्रीचा रस्ता याला पैसे लागतात, तिथं सवलत द्यावी. मी असंही बघितलंय की लग्न दाखवायला पैसे नाहीत म्हणून बंद खोलीत बसलेल्या आजारी वडिलांना बाहेरून फक्त मंगलाष्टकं ऐकू येतात, आणि तो प्रसंग हजार माणसांच्या मांडवापेक्षा जास्त लागतो. पण पटकथा, भाषा, कुठं थांबायचं याचं भान, एका पातेल्यावरची अक्षरं, याला सवलत द्यायचं कारण नाही. आई गेलेल्या घराची गोष्ट सांगायला निघालेला माणूस आपल्याकडून पूर्ण गांभीर्य मागतो, तर आपणही त्याला पूर्ण गांभीर्यानं उत्तर द्यावं. पाठीवर थाप मारून पाठवलं तर पुढच्या सिनेमातही भाऊ स्टँडवरून तेवढाच वेळ चालत येईल.

हे सगळं मी एवढ्या तळमळीनं लिहिते, कारण या सिनेमांकडे जाहिरातीला पैसा नसतो. प्रेक्षकाचं तोंड हीच जाहिरात. 1955 साली 'पथेर पांचाली' कोलकात्यात लागला. त्यासाठी सत्यजित राय यांनी विम्याची पॉलिसी आणि पत्नीचे दागिने गहाण टाकले होते, शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या पैशानं तो पुरा झाला. सुरुवातीला गर्दी बेताची होती. बघून आलेल्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं आणि मग थिएटर भरू लागलं. त्या सांगण्याला तेव्हा पसरायला सवड मिळाली. आज सिनेमा शुक्रवारी लागतो, मल्टिप्लेक्समध्ये एखादा खेळ, तोही दुपारी बाराचा किंवा सकाळचा. शनिवार-रविवारची तिकिटं बघून सोमवारी खेळ कमी होतात, पुढच्या शुक्रवारी तो पडद्यावर राहीलच असं नाही. पुण्यात लागलेले कितीतरी सिनेमे सोलापूरपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे तुमच्या मताच्या हातात जेमतेम तीन दिवस असतात.

तेव्हा पुढच्या वेळी मला फोन कराल तेव्हा "बघू का?" एवढंच विचारू नका. घरी आजारी माणूस आहे का, वाटणीचा वाद चालू आहे का, सोबत मुलं नेणार आहात का, हे सांगा. त्यावरून मी एखादा प्रसंग सांगेन आणि ठरवायचं ते तुम्ही ठरवा. बघायचं ठरलं तर शनिवारीच जा. आणि बघून आलात की त्याच रात्री घरच्यांच्या, ऑफिसच्या, भिशीच्या ग्रुपवर लिहा. आवडला नसला तरी लिहा, फक्त कुठं आवडला नाही तेही सांगा.