अजून चार घाला की

दुपारचं जेवण झालं की मी फिश टँकसमोरच्या खुर्चीत बसतो. डुलकी लागेपर्यंत बघत राहायचं, एवढाच कार्यक्रम. आज नजर जाऊन अडकली ती उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला. तिथे कुणीच नव्हतं. निऑन टेट्रा नेहमीसारखे मधल्या पाण्यात घोळक्याने इकडून तिकडे, कोरी जातीचे मासे तळाच्या वाळूत मिशा खुपसून, आणि गौरामी डावीकडचं झाड सोडायला तयार नाही. एवढा कोपरा नुसता पडून.

हे मला एकट्यालाच वाटतं असंही नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप घेऊन टँकसमोर उभा राहतो आणि मासे कमी असल्याचं सांगतो. परवा शेजारच्या कानडी अक्का म्हणाल्या, "इन्नू नाल्क मीन हाक्रि." त्याच संध्याकाळी आत्या आली. तीही म्हणाली, "अजून चार घाल की रे." बेळगावात मराठी-कानडीचं इतक्या झटक्यात एकमत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. आकडासुद्धा तोच. तीन नाही, पाच नाही.

दुकानातला पोरगा तर चारावरही थांबत नाही. "काय होत नाही काका, ॲडजस्ट होतात की." खानापूरचा वडापवाला जीपमध्ये सोळावा माणूस घेताना ज्या आवाजात "सरका जरा" म्हणतो, तोच आवाज.

माझा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे हिशेबाने ५६ लिटर. वाळू, दगड, लाकडाचा ओंडका आणि वरची चार बोटं सोडली तर ४५ धरा. या छंदातल्या जुन्या लोकांचा एक नियम आहे, गॅलनला, म्हणजे साधारण पावणेचार लिटरला, एक इंच मासा. त्याप्रमाणे माझ्या टँकमध्ये साधारण बारा इंच मासे बसतात. पण मग त्याच नियमाने फूटभर लांबीचा एकच मासा ठेवला तरी चालायला हवा. एक फूट रुंदीत तो बिचारा वळणार कुठे? नियम करणाऱ्याने मासा वळतो हे धरलेलंच नसावं.

खरा हिशेब जागेचा नसतोच. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य आणि पाणी बदललं की कमी होणारं. हे जिवाणू असतात तेवढ्या माशांपुरतेच. एकदम चार पाहुणे आले की जिवाणूंची संख्या वाढेपर्यंत मधले दिवस सगळ्यांनाच जड. म्हणून तर स्पंज नळाखाली धुवायचा नसतो, क्लोरिनने ते मरतात. टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. हे सगळं मी आत्याला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मग दोन घाल."

शिवाय आपल्याकडे करंट जातो. त्यात एप्रिल-मेचं पाणी कोमट, त्यात प्राणवायू आधीच कमी विरघळलेला. पंप बंद पडला की मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. दाटी असली तर ही वेळ लवकर येते.

शहापुरात आजीच्या घरामागे आड होता. त्यात मासे होते आणि एक कासव. ते कुणी सोडले होते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, विचारावंसंही वाटत नसे. दुपारी सगळे झोपले की दादा आणि मी कठड्यावर पोट टेकून खाली चुरमुरे टाकायचो. चुरमुरा पाण्यावर पडून भिजायला लागायचा, थोडा वेळ काहीच नाही, मग काळ्या पाण्यात काहीतरी हलायचं आणि चुरमुरा गायब. दादाच्या मते खाली बारा मासे होते, माझ्या मते सात. त्यावरून मारामारीपर्यंत जायचो. आवाजाने आजी उठायची. "वाकू नको म्हणून किती सांगू रे मेल्या!" कधी एखादं पिल्लू घागरीतून वर यायचं. आजी काही न बोलता घागर तशीच परत आडात पालथी करायची आणि दुसरी भरायला सोडायची. त्या आडात चार मासे अजून घालावेत असं कुणाच्याही मनात कधी आलं नाही. तळच दिसत नव्हता, तर रिकामा कोपरा कुठून दिसणार? काचेतून सगळं दिसतं, ही भानगड आहे.

घालायचेच तर काय, हाही प्रश्न आहे. एंजल रुबाबदार, पण मोठा झाला की निऑन गिळतो. काच साफ करतो म्हणून दोन इंचाचा सकर देतात, तो पुढे फुटाच्या वर जातो. गप्पी स्वस्त आणि चिवट, पण चार गप्पी म्हणजे चार नव्हेत. मादी एकदाच्या मीलनावर कित्येक महिने पिल्लं देत राहते. राहिले निऑनच. त्यांना घोळका मोठा असला की बरं वाटतं, बुजत नाहीत. म्हणजे चार निऑन. अक्का आणि आत्या बरोबरच म्हणत होत्या की काय?

पण नवे मासे थेट सोडायचे नाहीत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर सगळ्यांना लागतो. दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून मगच आत. संध्याकाळी हिला विचारलं, मोठा निळा टब मोकळा आहे का?

"लोणच्याच्या कैऱ्या यायच्यात त्यात."

झालं. जूनपर्यंत तरी प्रश्न मिटला.