डावा पाय, मोठा ड्रम

ऑगस्ट उजाडला की आमच्या नौपाड्यातल्या घरात दुपारची झोप विसरायची. मागच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या बँडची तालीम सुरू होते. काल एक साईड ड्रमवाला एवढा पुढे पळत होता, की खिडकीतून ओरडावंसं वाटलं, "अरे, मोठ्या ड्रमकडे कान दे की!"

शाळेत मोठा ड्रम माझ्याकडे होता. उंच होते म्हणून. गाणं-बजावणं येतं का, असं कुणी विचारलंही नव्हतं. खांद्यावर पट्टे, पोटावर ड्रम, समोरचं काही दिसायचं नाही. तेज चाल मिनिटाला 120 पावलांची, आणि डावा पाय पडला की माझा ठोका. अख्खी शाळा त्या ठोक्यावर पाय टाकायची. एवढी सत्ता पुन्हा कधी हाती आली नाही.

हेवा वाटायचा तो बिगुलवाल्यांचा. बिगुलाला ना भोकं, ना चाव्या. सगळं ओठांवर, आणि स्वर मोजून तीन: सा, ग, प. तेच खालचे, तेच वरचे. कितीतरी दिवस नुसती फुर्रफुर्र चालायची आणि मग एकदाचा वरचा प लागायचा. त्या दिवशी तो मुलगा डबासुद्धा ऐटीत खायचा. दहावी झाली की बिगुल शाळेच्या कपाटात. घरी कोण घेऊन देणार? अमेरिकेत शाळेत क्लॅरिनेट शिकलेले लोक साठीतही गावच्या बँडमध्ये वाजवतात म्हणे. आपल्याकडे ड्रमवाल्यांना निदान ढोल-ताशा पथकं आहेत, पाडव्याची शोभायात्रा आहे. बिगुलवाल्यांनी कुठे जायचं?

माझा बँड पायात राहिलाय. तलावपाळीला चालताना पुढच्या अनोळखी माणसाच्या डाव्या पायाशी माझा डावा जुळल्याशिवाय चैन पडत नाही. आमचे हे तर मनाला येईल तसे चालतात. मग मीच मधे एक अर्धं पाऊल घालते. परेडमधलं 'कदम बदल'. लग्न झाल्यापासून घालतेय, त्यांना अजून पत्ता नाही.

भाची पथकात आहे. "मावशी, ये ना, तुझ्या वयाच्या बायका आहेत आमच्यात," म्हणते. पण ढोल कमरेला बांधायचा म्हणजे आधी मणक्याच्या डॉक्टरांना विचारायला हवं. ते नाहीच म्हणणार.

म्हणून अजून विचारलेलं नाही.