टोडस्टूल उघडला, चोर वेव्हमेकरमध्ये निघाला

मंडळी, माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला टोडस्टूल, म्हणजे तो छत्रीसारखा लेदर कोरल, अखेर उघडला. अख्खा नाही, डाव्या कडेचा हातभर नव्हे बोटभर भाग. पण पॉलिप, म्हणजे कोरलची बारीक तोंडं, बाहेर आहेत आणि प्रवाहात हलतायत. मागच्या अपडेटमध्ये तो मिटूनच बसलाय हे वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला श्रद्धांजली वाहून टाकली होती, ती परत घ्या.

टँक तोच, तीन फुटी, खाली संप (पाणी गाळायची टाकी), सगळा सॉफ्टचा, म्हणजे मऊ कोरलचा कारभार. (स्टोनीचा, म्हणजे दगडी सांगाड्याच्या कोरलचा प्रश्न आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मिटवलेलाच आहे. मागच्या वेळी कोणीतरी पुन्हा विचारलं, म्हणून पुन्हा सांगितलं.) घसरण कशी होत गेली तेही आठवत असेल. आधी झेनिया नावाचा मऊ कोरल विरघळला. मग जीएसपीची (ग्रीन स्टार पॉलिप, हिरवळीसारखा पसरणारा कोरल) हिरवळ आत गेली आणि नुसती जांभळी चटई उरली. मग टोडस्टूलनं मेण धरलं, सिन्युलॅरिया या फांद्यांच्या लेदर कोरलच्या फांद्या खाली लोंबायला लागल्या. झोआ, म्हणजे ती बटणासारखी पॉलिप, अर्धे उघडे, अर्धे बंद. आणि क्लाउनफिश मात्र रोज काचेला नाक लावून जेवण मागणार!

आकडे विचाराल तर चिडचिड होईल इतके चांगले. खारटपणा ३५ पीपीटी, केएच (पाण्याची अल्कलिनिटी) ८.३, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, तापमान २५ ते २६. पावसाळ्यात बेळगावात चिलर लावावा लागत नाही, तेवढं एक सुख. सालिफर्टचा केएच किट मला अजूनही आवडतो, रंग बदलतो तो एका थेंबात, अंदाजाला जागा नाही. पण किट कितीही चांगला असला तरी जे तो मोजतच नाही ते कुठून दाखवणार?

"शेडिंग आहे, म्हणजे कात टाकतोय, थांब," हा सल्ला सगळ्यात जास्त आला. लेदर मेणासारखा थर धरतो, मिटून बसतो, थर गळतो आणि खालून ताजी कातडी निघते, हे खरंच आहे. पण इथं थर निघायचा आणि लगेच नवा धरायचा. शिवाय टोडस्टूल कात टाकतोय म्हणून जीएसपीनं का मिटावं? थांबण्याचा सल्ला द्यायला सोपा असतो, कारण टँक दुसऱ्याचा असतो.

दुसरा संशय रासायनिक मारामारीचा. सार्कोफायटन (म्हणजेच टोडस्टूल) आणि सिन्युलॅरिया दोघंही शेजाऱ्याला हटवायला पाण्यात टर्पीन नावाची विषारी रसायनं सोडतात, आणि माझ्याकडे ते दोघं एकाच खडकावर. म्हणून पाण्यातली रसायनं शोषणारा कार्बन घातला, रिअॅक्टरमध्ये, भरपूर. थोडा फरक पडला, मग पुन्हा जैसे थे. आयोडीन घाल असंही दोघा-तिघांनी सुचवलं. मोजल्याशिवाय काही ओतायचं नाही या मताचा मी आहे, त्यामुळे ती बाटली उघडलीच नाही.

तिसरा संशय नळाच्या पाण्यावर. राकसकोप धरणाचं पाणी आषाढात कसं येतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. पण आरओडीआय, म्हणजे माझ्या पाणी शुद्ध करायच्या फिल्टरच्या शेवटी टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, रेझिन ताजं, क्लोरीनची चाचणी कोरी. निपाणीचा मित्र म्हणाला, चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन समुद्राचं पाणीच आणू. ऐन पावसाळ्यात! मांडवी आणि झुआरी दोन्ही तुडुंब वाहत असताना किनाऱ्याचं पाणी किती खारट राहणार? वर गाळ फुकट.

धागा हाती आला तो पाणी बदलताना. पाणी बदललं की दोनेक दिवस सगळ्यांना तरतरी, जीएसपीची चार-दोन तोंडं बाहेर, आणि मग पुन्हा गपगार. प्रत्येक वेळी तेच. नवं पाणी वाईट असतं तर बदलल्यावर प्रकृती बिघडली असती. म्हणजे जे काही येत होतं ते टँकच्या आतूनच येत होतं. त्यात टर्बो गोगलगायी काचेवरून निसटून उताण्या पडायला लागल्या. मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे सगळे आजारी, हे चित्र दिसलं की पहिलं नाव तांब्याचं. माशांच्या औषधात तांबं वापरतात तेव्हा लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात आणि मासे ते सोसतात. कोरल आणि गोगलगायींना मारायला त्याहून कितीतरी कमी पुरतं. हॉबी किट त्या खालच्या पातळीला शून्यच म्हणतो. माझ्याही किटनं शून्य म्हटलं.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा माझा मित्र भलताच खूश झाला. "मर्दा, आमच्या स्पेक्ट्रोवर, धातू तपासायच्या मशीनवर टाकूया की!" त्याला सांगितलं, तुमच्या मशीनला ठिणगी पाडायला धातूची सपाट चकती लागते, समुद्राचं पाणी नाही. शेवटी पॉलिफिल्टर मागवला, धातू शोषून त्यानुसार रंग बदलणारा पॅड. पार्सल बसनं आलं, तेही भलत्याच स्टँडवर उतरलं, तो राग वेगळा. एक तुकडा संपच्या प्रवाहात ठेवला. आधी तो विटकरी झाला, म्हणजे लोखंड. मग एका कडेला निळसर झाक. तांबं! त्या रात्री मला फार बरं वाटलं, बायकोला त्यात आनंदाचं काय ते कळेना.

मग झडती. हीटर टायटॅनियमचा, सुटला. संपमधल्या क्लिपा प्लॅस्टिकच्या. दिव्याच्या स्टँडचे स्क्रू पाण्यापासून लांब, तरी दुर्बिणीनं तपासल्यासारखे तपासले. उरला वेव्हमेकर, टँकमध्ये लाटा उठवणारा पंप. वरून तो अगदी देखणा, गुलाबी कोरलाइन, म्हणजे चुनखडी शेवाळ, चढलेली. त्याचा रोटर, म्हणजे आत फिरणारा चुंबकाचा भाग, बाहेर काढून सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात ठेवला, कोरलाइन सुटली, आणि दांड्याच्या भोकापाशी केसाएवढी चीर दिसली. अंगठ्यानं दाबलं तर चिरेतून तपकिरी चिखल आला. वरचं प्लॅस्टिक कटरनं कापलं. आतला चुंबक एका बाजूनं फुगून भुसभुशीत झालेला, चंदेरी मुलामा पापुद्र्यासारखा सुटलेला आणि त्याच्या फाटलेल्या कडेला हिरवट डाग. निओडिमियम चुंबकात लोखंड मुबलक, आणि मुलामा बहुधा निकेल-तांबं-निकेल असा तिहेरी. खारं पाणी एकदा आत शिरलं की तो गंजून फुगतो, फुगला की चीर वाढते. तो गंज आणि तांबं टँकमध्ये चोवीस तास ढवळलं जात होतं.

कंपनीचं नाव घेत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, रोटर वॉरंटीत बसत नाही. फाउंड्रीवाला म्हणतो, अराल्डाइट लावून लेथवर फिरवून देतो. नको. फिरत्या दांड्याजवळचा लेप पुन्हा तडकणार. तो पंप भंगारात गेला, जुना एसी पॉवरहेड (पाणी फिरवणारा साधा पंप) तात्पुरता बसवलाय. आवाज करतो, पण त्यात साधा काळा फेराइट चुंबक आहे, तो असा गंजत नाही.

आता संपमध्ये क्युप्रिसॉर्ब (तांबं शोषणारं रेझिन) आणि कार्बन, आणि नेहमीपेक्षा मोठे वॉटर चेंज. गोगलगायी काचेवर टिकून आहेत. जीएसपी जवळजवळ पूर्ण हिरवी. टोडस्टूलचा शेवटचा थर तर मी टर्की बेस्टरनं, त्या मोठ्या ड्रॉपरनं, हलकेच फुंकून काढला; साय निघावी तसा एका तुकड्यात निघाला आणि खालची कातडी लोण्याच्या रंगाची, एकही काळा डाग नाही. सिन्युलॅरिया अजून रुसलेली आहे. खडकांनी धातू शोषला असणार आणि तो हळूहळू सुटत राहणार, म्हणून रेझिन लगेच काढणार नाही.

पुढचा बेत असा होता की टोडस्टूलची उघडलेली कड कापून विम्याखातर दोन फ्रॅग (वाढवायचे तुकडे) वेगळे ठेवायचे. हे लिहिता लिहिता विचार बदलला. कापलं की तो पुन्हा टर्पीन ओकणार, आणि सिन्युलॅरिया आधीच अर्धमेली. राहू दे.

त्यापेक्षा हे बघा. काच घासायच्या मॅग्नेटचा आतला अर्धा भागही निओडिमियमच की! तोही तेवढाच जुना, आणि कायम पाण्यात. आत्ता उठून काढून आणला. वरून चीर दिसत नाही, पण रोटरचीही दिसत नव्हती. त्यामुळे नवीन प्रयोग: लोणच्याच्या स्वच्छ बरणीत नवं खारं पाणी, त्यात हा मॅग्नेट आणि पॉलिफिल्टरचा तुकडा, शेजारच्या बरणीत तेच पाणी, तोच तुकडा, मॅग्नेट नाही. पहिल्यातला रंगला आणि दुसऱ्यातला पांढरा राहिला तर निकाल लागला. खर्च शून्य, आईची बरणी गेली तेवढीच.

ज्यांच्याकडे दोन-तीन वर्षं जुना डीसी वेव्हमेकर आहे त्यांनी या रविवारी रोटर काढून दांड्याजवळ नखानं दाबून बघा आणि काय दिसलं ते कळवा. जीएसपीचे तुकडे मागितलेल्यांची यादी माझ्याकडे आहे, पण क्युप्रिसॉर्ब निळं-काळं व्हायचं थांबेपर्यंत माझ्या टँकमधून काहीही बाहेर जाणार नाही. आणि निपाणीवाल्यानं तुकडा न्यायला येताना माझी मिठाची बादली झाकणासकट आणावी.