फिक्स्ड चोकची जुनी दुनळी आणि स्टीलचे छर्रे

शिसं दबतं, स्टील दबत नाही. चोक म्हणजे नळी तोंडाशी थोडी अरुंद केलेली असते ती जागा. फुल चोकचं, म्हणजे घट्ट चोकचं, आकुंचन साधारण १ मिमी. त्यातून जाड स्टीलचे छर्रे गेले, तर नळीच्या तोंडाशी कडं फुगू शकतं. बाहेरून बोट फिरवलं की हाताला लागतं.

ब्रिटनमधल्या जुन्या दुनळी बंदुकीचा चोक आणि नळीची जाडी आधी गनस्मिथकडून मोजून घ्या. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, ६५ मिमीचा असेल तर ७० मिमीचं काडतूस नको. नळीवर फ्लर-द-ली छाप (स्टीलसाठीच्या चाचणीत पास झाल्याची फुलाची खूण) नसेल तर फक्त ‘स्टँडर्ड स्टील’, म्हणजे कमी दाबाची स्टील काडतुसं, तीही हाफ चोकपर्यंतच (फुलच्या निम्मं आकुंचन). छाप असली तरी ४ मिमीपेक्षा मोठ्या छर्र्यांना हाफ चोकचीच मर्यादा. दमास्कस नळीत (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या जुन्या नळीत) स्टील नकोच.

छर्रे शिशापेक्षा दोन नंबर जाड घ्या (म्हणजे नंबरचा आकडा दोनने लहान), आणि त्यांना पूर्ण वेढणारा जाड कप काडतुसात हवाच. नाहीतर नळीला आतून ओरखडे पडतात. घरी चोक घासायचा उद्योग मात्र करू नका.